मासळीच्या बर्फातला सिलिंडर

मनोहर पाष्टे. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हे नाव सांगतो. आई-वडिलांची नावं त्यानंतर येतात. आईला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट गावात कोणी माझं कौतुक केलं की तीच म्हणते, "तां सगळं मनोहरभावजींचं."

भाऊ, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. काल संघटनेचे दोघे जण माझ्याकडे आले होते. सोळा सप्टेंबरला ओझोन दिन, त्या दिवशी आपला फ्रिज-एसी मेकॅनिकचा मेळावा. तिथे वाटायच्या पुस्तिकेत तुमच्यावर चार पानं हवीत म्हणाले. "तुमीच लिवा सर, तुमच्याइतकं जवळचं कोण होतं त्यांना?" निघताना त्यांतला एक उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "चांगलं चांगलं लिवा हां. ता अपघाताचं नको. उगाच लोक घाबरतात."

मी मान हलवली. वेळेवर मान हलवून मोकळं होणं मला किती छान जमतं, ते तुम्हीच सगळ्यांत जवळून पाहिलंत.

पण भाऊ, मी अपघाताचंच लिहिणार आहे.

लांज्याच्या आतल्या गावातून मी बारावी होऊन रत्नागिरीला आलो, तेव्हा आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील मुंबईत एका खानावळीत भाकऱ्या भाजायचे. कॉलेजात प्रवेश मिळाला, राहायला जागा मिळेना. तुमचा रत्नागिरीलगत मिरजोळ्याला फ्रिज दुरुस्तीचा गाळा होता. तुम्ही आमच्याच गावचे, एवढ्या ओळखीवर आई मला तुमच्यासमोर घेऊन आली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मागच्या खोलीकडे बघितलंत आणि म्हणालात, "सात कॉम्प्रेसर हायत आत. दोन बाहेर काढले तर एक माणूस मावतो." मग वहिनींना हाक मारलीत, "अगो, तांदूळ वाढव. कॉलेज आलंय आपल्याकडं."

तीन वर्षं तुम्ही मला 'कॉलेज' म्हणूनच हाक मारलीत. "ओ कॉलेज, जेवलास काय?" "कॉलेज, दिवा बंद कर, डोळे फुटतील." पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या पेपरात मी नापास झालो. पुस्तक इंग्रजीत, आणि उष्णतेचा तो धडा मला पाठ व्हायचा, पण कळायचा नाही. मी खोलीत बसून रडत होतो. तुम्ही आत आलात, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलंत, मग मला मनगटाला धरून बाहेर चालू असलेल्या एका यंत्रापाशी नेलंत. माझा एक हात एका नळीवर ठेवलात, दुसरा दुसरीवर. पहिल्या नळीनं चटका बसला, दुसरी बर्फासारखी गार.

"ही गरम, ही थंड. गॅस तोच. मधे त्याचं काय झालं, ता तुझ्या पुस्तकात शोध."

मला शोधता आलं. त्या वेळेपासून मी कुठलीही गोष्ट आधी हातानं करून बघतो आणि मग शिकतो. पदवीच्या निकालाच्या दिवशी मी तुमच्या पाया पडलो तेव्हा तुम्ही पाय मागे घेतलेत. म्हणालात, "मी दहावी नापास. माझ्या पाया पडून तुझी पदवी नासवशील."

आपलं भांडणही त्याच गाळ्यात सुरू झालं. गॅस भरताना तुमची एक सवय होती. नळी जोडली की तुम्ही तिचा आटा जरासा सैल करून थोडा गॅस हवेत सोडायचात. फुस्स. नळीतली हवा निघून जायची. नवा गॅस भरायच्या आधी जुना उरलेला असेल तर तोही असाच मोकळा. सगळेच मेकॅनिक तसं करायचे, अजूनही करतात. दुसऱ्या वर्षाला कॉलेजात ओझोनवर व्याख्यान झालं आणि मी धावतपळत गाळ्यावर आलो.

"भाऊ, हे बंद करा. हा गॅस वर जातो. खूप वर. तिथे त्यातलं क्लोरीन सुटं होतं आणि ओझोनचा थर खातं. तो थर नसेल तर सूर्याचे घातक किरण थेट खाली येतात. डोळ्यांत मोतीबिंदू, कातडीचे रोग, पिकांवर परिणाम."

तुम्ही पाना खाली ठेवलात. "आणि भोक पडलंय कुठं?"

"दक्षिण ध्रुवावर."

"म्हणजे भोक दक्षिण ध्रुवावर, आणि मिरजोळ्यात मी गुन्हेगार?"

"वारा सगळीकडे फिरतो, भाऊ."

"मग वाऱ्याला सांग. मला गिऱ्हाईक थांबलंय." आणि पुन्हा फुस्स.

मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम हाक मारलीत. जुन्या काळची एक बत्ती होती तुमच्याकडे, गळती शोधायची. तिची निळी ज्योत नळीच्या सांध्यापाशी नेली की गॅस गळत असेल तिथे ती हिरवी व्हायची. तुम्ही ती एका फ्रिजच्या मागे फिरवलीत आणि ज्योत हिरवी झाली. "बघ. डोळ्याला दिसत नाय ता हिनं दाखवलं. तुझा तो ओझोन असाच दाखव मला कधीतरी. मग सोडीन." मला तेव्हा राग आला. आता कळतं, की तुम्ही मला शिक्षक व्हायला सांगत होतात.

मी झालो शिक्षक. तंत्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत, रेफ्रिजरेशनच्या वर्गाला निदेशक. नेमणूक कंत्राटी, दरवर्षी नवीन कागद. तुम्ही मला 'कॉलेज'वरून 'मास्तर' केलंत. पहिल्या दिवशी वर्गाच्या खिडकीशी येऊन उभे राहिलात, दहा मिनिटं ऐकलंत आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "आवाज बरा हाय. पण मास्तर, एक ध्यानात ठेव. तोंडानं गॅस भरता येत नाय."

त्यानंतरही आपण भांडतच राहिलो. जुना, सगळ्यांत घातक गॅस कधीच बाजारातून गेला होता. त्याच्या जागी आलेलाही थोडा घातकच, पण जुन्या यंत्रांत अजून तोच भरलेला. जगातल्या देशांनी मिळून असे गॅस कमी करायचं ठरवलं म्हणून वरचा थर हळूहळू भरून येतोय, हे मी तुम्हाला सांगायचो. तुम्ही म्हणायचात, "मग भरतोय ना? माझ्या फुस्सनं काय अडलंय?" मी म्हणायचो, "भाऊ, सगळ्यांनी असंच म्हटलं असतं तर भरला नसता." यावर तुम्ही चहा मागवायचात.

गेल्या वर्षीच्या ओझोन दिनाला भाषण माझं होतं. सभागृहात साठ-सत्तर मेकॅनिक. दापोलीपासून राजापुरापर्यंतचे. तुम्ही तिसऱ्या रांगेत. पाहुणे उशिरा आले, त्यांना लवकर जायचं होतं, त्यामुळे माझ्या अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली. हातात दोन पानांचं टिपण होतं. पहिल्या पानावर ओझोनचा थर, आपली जबाबदारी, हवेत गॅस का सोडायचा नाही. दुसऱ्या पानावर तो काढून ठेवायचा कसा: कुठला सिलिंडर, काट्यावर वजन, किती भरायचा, किती जागा रिकामी ठेवायची.

पहिलं पान मी जोरात म्हटलं. टाळ्या आल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, गॅस काढून घ्यायची मशीन कोणाकडं हाय हितं? सिलिंडर तरी कुठनं आणायचा?" हसू उठलं. टाळ्यांनंतरचं ते हसू मला टोचलं. मी माइकवरून म्हणालो, "मिळेल त्या सिलिंडरात भरा! पण एक श्वासही हवेत सोडू नका!"

पुन्हा टाळ्या. पाहुणे उठले. दुसरं पान माझ्या खिशात राहिलं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. चाळीस वर्षं राबलेला तो हात, नळ्या वाकवून वाकवून बोटं जाड झालेला. "हरलो रे मास्तर. आजपासून सोडायचा नाय." मला इतका आनंद झाला, की मी त्या रात्री आईला फोन करून सांगितलं, भाऊंनी माझं ऐकलं. सत्तर माणसांत एकानं ऐकलं, आणि ते तुम्ही होतात.

पुढचं तुमच्याइतकंच मला माहीत आहे. तेव्हा बाकी कोणालाही नव्हतं.

ऑक्टोबर महिना, कडक ऊन. तुम्ही राजापूरकडच्या नाटे बंदरात एका मासळी व्यापाऱ्याच्या दोन कोल्ड रूम दुरुस्त करायला गेला होतात. सकाळी अकराच्या सुमारास तुमचा फोन आला. मी संस्थेच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलो होतो. मला कायम करण्याची फाइल त्या दिवशी साहेबांसमोर जायची होती.

"मास्तर!" तुमचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मशीन नको नि बिशीन नको! सिलिंडर मासळीच्या बर्फात गाडला, बर्फावर पाणी ओतलं, नि गॅस आपणहून आत. सगळा! एक फुस्स नाय!"

"वा भाऊ! कमाल केलीत!"

खरोखरच कमाल होती. गार जागेकडे गॅस आपोआप जातो, तिथे गेला की त्याचा द्रव होतो. मला मनगटाला धरून तुम्हीच तर ते शिकवलं होतंत.

"सिलिंडर जुनाच हाय, पण हातानं तोलून बघितला. अजून जागा हाय त्यात. दुसऱ्या खोलीचा पण यातच घेतो, काय?"

त्याच वेळी शिपायानं दार उघडलं. "सर, साहेब बोलावतायत."

भाऊ, त्या क्षणाला माझ्या डोक्यात एक गोष्ट येऊन गेली. मी खोटं बोलणार नाही. बर्फात ठेवलेल्या सिलिंडरात द्रव जास्त मावतो. तो उन्हात आला की फुगतो. फुगायला जागा उरली नसेल तर लोखंड फाटतं. दुसऱ्या पानावर हेच लिहिलं होतं. आणि तुम्ही वजनकाटा वापरत नाही, हाताच्या अंदाजावर सगळं करता, हेही मला तीन वर्षं तुमच्या घरी जेवून माहीत होतं. 'थांबा, नको, दुसरा सिलिंडर घ्या,' एवढं बोलायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "घ्या घ्या. नंतर बोलतो." आणि आत गेलो.

आतून अर्ध्या तासानं बाहेर आलो. फाइल पुढे सरकली होती. मी मित्राबरोबर चहा प्यायलो. फोन केला नाही. आठवण झाली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. आठवण झाली होती. वाटलं, भाऊंना एवढं कळतं. चाळीस वर्षं काढलीत त्यांनी यात.

दुपारी दोन वाजता तुमचं काम आटपलं. सिलिंडर बर्फातून काढून टेम्पोत ठेवलात, जेवून आलात. टेम्पोत ऊन आलेलं दिसलं म्हणून तो उचलून सावलीत न्यायला गेलात. खाऱ्या वाऱ्यानं त्याचा तळ गंजलेला होता. खाली टेकवताना तो तळाकडून फाटला. व्यापाऱ्यानं मला नंतर सांगितलं, आवाजानं जेटीवरची माणसं धावत आली. तुमच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिथेच गेली. राजापूरला पट्टी बांधली आणि रत्नागिरीला आणलं.

मी इस्पितळात आलो तेव्हा वहिनी कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी मला 'ये' म्हटलं नाही. तुम्ही शुद्धीत होतात. हाताला एवढं मोठं बँडेज, आणि मला बघून म्हणालात, "मास्तर, एक शंका हाय."

"बोला ना भाऊ."

"मी एवढा तो गॅस जपला, एक थेंब सोडला नाय. तो फुटल्यावर गेला कुठं? वरच ना?"

"हो."

"मग मी वाचवलं काय?"

मी म्हणालो, "तुम्ही पडून राहा." भाऊ, मला उत्तर येत होतं. खोल्या दुरुस्त झाल्या, आता त्या गळणार नाहीत, ते वाचलं. तुमच्याकडून दुसरे शिकले असते, ते वाचलं असतं. पण हे बोलायला मला माझा सकाळचा फोन ओलांडून जावं लागलं असतं. वहिनी ऐकत होत्या. मी पाण्याची बाटली भरून आणायला बाहेर गेलो आणि बराच वेळ नळापाशी उभा राहिलो.

महिन्याभरानं संघटनेची बैठक झाली. अपघाताची चर्चा होती. मला तज्ज्ञ म्हणून पुढे बसवलं. तुम्ही हात गळ्यात बांधून आला होतात. अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ, बर्फात ठेवून भरायचं हे कोणाला विचारलं होतंत काय तुमी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. लगेच नजर काढून घेतली नाहीत. सभागृहात पंखा फिरत होता, कोणीतरी खुर्ची ओढली. मी समोरच्या कागदावर पेनानं चौकोन काढत होतो, त्यात दुसरा चौकोन. फाइलवर अजून एक सही बाकी होती.

"कोणाला विचारायचं?" तुम्ही म्हणालात. "माझाच शहाणपणा."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आभाळाचं भोक बुजवायला गेले, नि हाताची बोटं देऊन आले." लोक हसले. तुम्हीही हसलात. सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात, मी सुटावं म्हणून.

त्या दिवशी फक्त तुमचं नुकसान झालं असतं तर कदाचित मी आजही गप्प राहिलो असतो. पण त्यानंतर काय झालं, ते तुम्हालाही ठाऊक होतं. जो तो हवेत गॅस सोडतच राहिला, आणि आता त्यांच्याकडे कारण होतं. आधी ते सवयीनं सोडायचे, आता शहाणपणानं. या जुलैत लांज्याला एका हॉटेलच्या मागे एक मेकॅनिक अख्ख्या यंत्रातला गॅस मोकळा करत होता. पांढरा धूर जमिनीलगत पसरला होता. मी म्हणालो, "अरे, काय करतोस हे?" तो म्हणाला, "मग काय करू सर? पाष्टेभाऊंसारखी बोटं घालवू?" मी शिक्षक आहे. माझ्याजवळ त्याला द्यायला खरं उत्तर होतं: भाऊंची बोटं गॅस साठवल्यामुळे गेली नाहीत, अर्धवट शिकवल्यामुळे गेली. ते मी दिलं नाही. मी चालत एसटी स्टँडवर आलो.

मार्चमध्ये मी कायम झालो होतो. पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. वहिनींनी पुडा हातात घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला होतात. समोर फणसाखाली तुमची हत्यारं एका पेटीत भरून ठेवलेली, विकायला. नळीचं तोंड फुलवायचं साधन डाव्या हातात धरता येत नव्हतं तुम्हाला. तीन बोटांनी पकड बसत नाही.

"झालास पक्का?"

"हो भाऊ."

"बरं झालं." मग म्हणालात, "आता बोलायला कोणाची भीती?"

मी हसलो. जणू तुम्ही चेष्टा केलीत. तुम्ही हसला नाहीत. आत वहिनींनी भांडं जोरात ठेवलं. मी अजून दहा मिनिटं बसलो, आंब्याच्या मोहराबद्दल बोललो आणि उठलो. तुम्ही दारापर्यंत आलात. तुम्हाला काहीतरी ऐकायचं होतं, आणि मी चप्पल घालत होतो.

पाच महिने मी तुमच्याकडे फिरकलो नाही. तोंडानं काही होत नाही म्हणून शेवटी ऑगस्टमध्ये पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मिरजोळे ते माझी खोली, रिक्षानं पंधरा मिनिटं. तरी पत्र.

तुम्ही सकाळी अंगणात दात घासताना खाली बसलात आणि उठला नाहीत, असं मला फोनवर कळलं. मी आलो. तुमची माणसं मुंबईहून यायची होती म्हणून अंत्ययात्रा थांबवली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. त्याच आधी बोलल्या,

"पत्र पोचलं होतं. बुधवारी."

"वाचलं भाऊंनी?"

"माझ्याकडनं वाचून घेतलं. दोनदा. चष्मा नाकावर होता तरी."

"काय म्हणाले?"

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणाले, त्याला सांग, माइक जरा तोंडाजवळ धर. गेल्या खेपेस मागच्या लोकांना ऐकू येत नव्हतं."

"आणखी?"

"आणखी काय नाय." त्या उठल्या, आतून पाकीट घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. मला घरात नको. मी माफ केलं असं समजू नकोस हां, प्रकाश. त्यांचं त्यांच्याजवळ. माझं मला बघायचंय."

"हो वहिनी."

"आणि लोकांना सांगशील तर सगळं सांग. निम्मं सांगून एकदा झालंय."

तुम्ही मला माफ केलंत का, हे मला कधीच कळणार नाही. माइकबद्दल बोललात, म्हणजे मी बोलणार यावर तुमचा विश्वास होता, एवढं मी धरून चाललोय. तेही माझ्या सोयीचं असेल. भाऊ, तुम्ही मला खोली दिलीत, शिकवलंत, आणि भर सभेत मला वाचवलंत. यातलं शेवटचं तुम्ही करायला नको होतं. ते केलंत म्हणून मी रोज थोडा थोडा तुमच्यापासून लांब गेलो.

वहिनी म्हणाल्या तसं सगळंच सांगायचं, तर पत्रही इथे द्यायला हवं. एक शब्द बदललेला नाही.

मनोहरभाऊंना, नमस्कार.

हे मी समोर बसून सांगायला हवं होतं. मार्चमध्ये तुम्ही विचारलंत, आता बोलायला कोणाची भीती. मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर लिहितो. भीती नोकरीची होती, ती मार्चपर्यंत. नंतरची भीती वेगळी आहे. वहिनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं सत्तर माणसं बघतील, ही.

नाट्याहून तुम्ही फोन केलात तेव्हा मला धोका कळला होता आणि मी 'घ्या घ्या' म्हणालो. त्याआधी भाषणात 'मिळेल त्या सिलिंडरात' म्हणालो, तेही मला चूक आहे हे माहीत असताना, टाळ्यांसाठी. हे दोन्ही तुम्हाला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते सांगतो.

मी तुमचा अपघात वर्गात शिकवतो. जानेवारीपासून. फळ्यावर सिलिंडर काढतो, बर्फ काढतो, आणि खाली लिहितो, 'मेकॅनिकने अंदाजाने जास्त गॅस भरला.' तुमचं नाव घेत नाही, पण पोरांना ते माहीत असतं. गेल्या आठवड्यात एका मुलीनं हात वर केला. नाट्याचीच आहे, वडील मासेमारी करतात. तिनं विचारलं, "सर, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का, की असं करू नका?"

मी म्हणालो, "नाही."

ती वहीत लिहून घेत होती, भाऊ. माझा 'नाही' तिनं लिहून घेतला. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

काल मी वर्गात जाऊन फळ्यावरचं वाक्य बदललं. लिहिलं, 'निदेशकाला धोका माहीत होता. त्याने सांगितला नाही.' मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्या मुलीनं विचारलं, "कोण निदेशक?" मी म्हणालो, "मी." मग आम्ही काट्यावर सिलिंडरचं वजन करायला शिकलो. प्रत्येकानं दोनदा केलं.

वर्गात बोललो, पण ती वीस मुलं आहेत आणि त्यांना माझ्याकडून गुण हवे असतात. सोळा सप्टेंबरला मेळाव्यात तेच बोलायचं आहे, ज्यांनी हसताना तुम्हाला बघितलं त्यांच्यासमोर. त्यानंतर दुसरं पान वाचायचं आहे, सावकाश, पाहुणे उठले तरी.

तुम्ही याल का? माझ्या बाजूनं काही बोलू नका. मला वाचवू नका. फक्त बसा. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगेन. नाही आलात तरी सांगेन.

प्रकाश